रोजच्या जगण्यातलं निरपेक्ष देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं घर, इमारत, रुग्णालय, परीक्षा केंद्र अशा रोजच्या जागांपुरती आहेत. देण्याची इच्छा पुष्कळांना असते, पण दिलेलं बऱ्याचदा वाया जातं. घेणाऱ्याला काय हवंय ते न विचारता, आपल्याकडे काय पडून आहे ते पाहून आपण देतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरात पहिली पायरी एकच आहे: आधी विचारा.

पगार बेताचा आहे. सुरुवात कुठून करावी?

स्वयंपाकाला तांदूळ काढताना रोज एक मूठ वेगळ्या डब्यात टाका. मोठ्या माणसाच्या मुठीत साधारण ४० ते ५० ग्रॅम तांदूळ मावतो. महिन्याला सव्वा ते दीड किलो होतो आणि घरात कुणाला ते जाणवतही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी गावोगावच्या घरांतून असंच मूठमूठ धान्य गोळा होत असे. आज २० घरांच्या इमारतीनं हे केलं तर महिन्याला २५ ते ३० किलो तांदूळ जमतो. एका मुलाला दिवसाला दीडशे ग्रॅम धरले, तर ३० मुलांच्या वसतिगृहाचा सहा दिवसांचा भात झाला.

यात दोन गोष्टी बिघडतात. कुणी कोलम टाकतं, कुणी रेशनचा, कुणी बासमती. असा मिसळलेला तांदूळ एकत्र शिजत नाही. अर्धा गिचका होतो, अर्धा टचटचीत राहतो, आणि स्वयंपाकाच्या मावशी तो बाजूला ठेवून देतात. म्हणून इमारतीनं एकच जात ठरवावी, न जमल्यास जातीनुसार वेगळे डबे ठेवावेत. दुसरं म्हणजे पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागतात. डबा कोरडा हवा, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये.

दर महिन्याला किती पैसे द्यावेत?

जेवढे पुढची तीन वर्षं न चुकता देता येतील तेवढे. संस्थेला वर्षातून एकदा आलेल्या ५,००० रुपयांपेक्षा दरमहा येणारे ४०० रुपये जास्त उपयोगी पडतात, कारण शिक्षिकेचा पगार आणि विजेचं बिल महिन्याचं असतं. उसने काढून देऊ नये.

सिग्नलवर हात पसरणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का?

मुलाच्या हातात पैसे देऊ नका. ते त्याच्याकडे क्वचितच राहतात, आणि मूल जितकं कमावतं तितकं ते शाळेपेक्षा सिग्नलवर ठेवणं कुणाच्या तरी सोयीचं होतं. मूल आजारी, जखमी किंवा एकटं दिसलं तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. तो मोफत आहे. जागा नेमकी सांगा: कोणता चौक, कोणत्या दिशेचा रस्ता, मुलाचे कपडे कोणत्या रंगाचे. वृद्ध किंवा अपंग माणसाला मात्र पैसे द्यायला हरकत नाही. तो त्याचं काय करील, याची चौकशी करत बसू नये. आणि काहीच द्यायचं नसेल तरी मान वळवून काच वर करू नका, नजर देऊन ‘नाही’ म्हणा. तेही त्याला माणूस समजणं आहे.

जुने कपडे कुठे आणि कसे द्यावेत?

आधी छाटणी करा. कसोटी सोपी आहे: हा कपडा तुमच्या सख्ख्या भावाला घालायला द्याल का? चेन तुटलेली पँट, बटणं नसलेला शर्ट, काखेत पिवळा पडलेला बनियन हे दानात जात नाही. त्याची घरी फडकी करा. वापरलेले आतले कपडे कधीच देऊ नका. राहिलेले कपडे धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री नसली तरी घडी घालून ठेवा. पुरुष, बाई, मुलगा, मुलगी असे वेगळे गठ्ठे बांधा, मुलांच्या गठ्ठ्यावर अंदाजे वय लिहा. साडीबरोबर परकर असेल तर नाडीसकट द्या. चपलांच्या जोड्या सुतळीनं एकत्र बांधा, कारण सुट्या चपलांच्या ढिगातून जोडी शोधायला कुणालाच वेळ नसतो.

मग वेळ पाहा. दिवाळीच्या साफसफाईत सगळीकडून एकदम कपडे निघतात आणि घेणाऱ्या संस्थांची गोदामं भरतात. त्याच सुमाराला बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर पोचलेली असतात, कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहत असतात, आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटे तोडणीला उतरतात. त्यांना लागतात स्वेटर, कानटोपी, जाड चादर, लहान मुलांचे पायमोजे आणि कोपीवर टाकायला ताडपत्री. पार्टीचे झगमगीत फ्रॉक तिथे उपयोगाचे नाहीत. साखरशाळेच्या, म्हणजे त्या मुलांच्या हंगामी शाळेच्या, शिक्षकांना किंवा टोळीच्या मुकादमाला फोन करून मुलांची संख्या आणि वयं विचारा, आणि तेवढेच न्या.

कपडे फुकट वाटण्याऐवजी गावाच्या कामाशी जोडायची पद्धत ‘गूंज’ या संस्थेनं देशभर रुजवली. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाव विहीर खोदतं, रस्ता दुरुस्त करतं आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतं. घेणाऱ्याची मान ताठ राहते, म्हणून आम्हाला ही पद्धत फार मोलाची वाटते.

पूर आला की लगेच काय पाठवावं?

पहिल्या दोन दिवसांत काहीच नाही. रस्ते बंद असतात आणि तुमचा टेम्पो बचावपथकाची वाट अडवतो. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर चिखल राहतो, आणि तेव्हा लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, फिनाईल, मेणबत्त्या आणि सर्वांत जास्त म्हणजे चिखल उपसणारे हात. नंतर चटई, पातेली, शेगडी, शाळेची दप्तरं. तयार जेवण आणि कपडे पहिल्या आठवड्यात गरजेपेक्षा जास्त पोचतात, आणि तेही मुख्य रस्त्यालगतच्या गावांना. आतल्या वाडीतल्या ग्रामसेवकाशी किंवा आशाताईंशी बोलून मगच गाडी भरा.

लग्नात जेवण उरलं. ते कुणाला द्यावं?

हे कार्याच्या दिवशी ठरवायचं काम नाही. आठवडाभर आधी जवळचं वसतिगृह, रात्रनिवारा किंवा उरलेलं अन्न नेणारा स्वयंसेवकांचा गट शोधा आणि त्यांना तीन गोष्टी विचारा: किती वाजेपर्यंत घेता, किती माणसांचं घेता, भांडी कुणाची?

उरलेलं म्हणजे भांड्यातलं, ज्याला वाढपाचा डाव सोडून कुणाचा हात लागलेला नाही ते. ताटातलं उष्टं नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश तापमानात राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. वाफाळता भात झाकून बाजूला ठेवला आणि कोमट होऊन दोन तास तसाच राहिला, की तो घेणाऱ्याला आजारी पाडू शकतो. पुन्हा गरम केल्यानं भातातलं विष जात नाही. म्हणून पंगत संपायची वाट पाहू नका. शेवटची पंगत बसताना आचाऱ्याला विचारून जास्तीचं भांडं बाजूला काढा, शेगडीवर गरम ठेवा आणि तिथूनच गाडीत चढवा. भात, पोळी, सुकी भाजी, बुंदी द्या. मठ्ठा, कोशिंबीर, बासुंदी, ओल्या खोबऱ्याची चटणी देऊ नका, कारण तीच आधी आंबतात. दहा लिटरच्या पातेल्यात साधारण २५ माणसांचा भात असतो. फोनवर ‘बरंच उरलंय’ म्हणण्याऐवजी हा आकडा सांगा. शिजवल्याची वेळ कागदावर लिहून झाकणाला चिकटवा. शंका आली तर ते अन्न कुणालाच देऊ नका. जे आपल्या मुलाला वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलालाही वाढायचं नाही.

सरकारी रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी काय करता येईल?

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबरच बेघराला आसरा आणि रोग्याला औषधोपचार येतात. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांना आजही आसरा देते. अशी मोठी सोय एकट्याला उभारता येत नाही, पण ती आहे हे बाकावर झोपलेल्या माणसाला सांगता येतं.

बाहेरगावाहून आलेल्यांना जेवण पुष्कळ जण देतात, माहिती कुणी देत नाही. दोन गोष्टी नीट समजून घ्या आणि सांगा. पहिली, सरकारची मोफत उपचारांची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ हा योजनेचा मदतनीस बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन रुग्ण दाखल होतानाच त्याला भेटायचं. अनेक जण आधी बिल भरतात आणि घरी गेल्यावर योजनेची चौकशी करतात. तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरी, धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. हा अर्ज भरून देणं, त्यांच्याबरोबर त्या टेबलापर्यंत जाणं, हे हातात ५०० रुपये ठेवण्यापेक्षा कितीतरी मोठं देणं आहे.

बाकी छोट्या गोष्टी: थर्मासमध्ये गरम पाणी, मोबाइल चार्जर, गावी परतायचं एसटीचं भाडं. आणि तासभर रुग्णापाशी बसणं, म्हणजे सोबतच्या बाईला अंघोळ करून येता येईल. एक मात्र करू नका: औषधांवर मत देऊ नका.

रक्तदान कधी करावं? शिबिरातच करावं का?

शिबिरात रक्त द्यायला हरकत नाही, पण गणित समजून घ्या. रक्त टिकतं किती? लाल पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट फक्त ५ दिवस. एखाद्या जयंतीला किंवा वाढदिवसाला एकाच गावात हजार पिशव्या जमल्या तर महिन्याभरात काही मुदतबाह्य होतात, आणि एप्रिल-मेमध्ये, महाविद्यालयं बंद असताना, त्याच रक्तपेढीत टंचाई असते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. म्हणून जवळच्या रक्तपेढीला तुमचा गट आणि नंबर देऊन ठेवा आणि त्यांनी बोलावलं की जा. ते जमत नसेल तर मे महिना स्वतःसाठी ठरवून ठेवा.

वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. दोन दानांत पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. गोंदवून घेतलं असेल तर वर्षभर थांबा. उपाशीपोटी जाऊ नका, आधी दोन पेले पाणी प्या, नंतर १५ मिनिटं बसून राहा. चक्कर येते ती बहुधा न जेवता गेल्यानं किंवा पटकन उठल्यानं. फॉर्मवरच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. संकोचानं लपवलेला आजार रक्त घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

अपघातग्रस्ताला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा लागतो ना?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालय तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवता. १०८ ला फोन करा, जागा खुणेसकट सांगा. वाहतं रक्त स्वच्छ कापडानं दाबून धरा. पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका.

अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक व्हायचं आहे. काय तयारी लागते?

लेखनिक म्हणजे परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा. हे देणं फार कमी लोकांना माहीत आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत लेखनिक मिळवण्यासाठी मुलांची अक्षरशः वणवण होते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यानं स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात खालच्या पायरीचा असावा लागतो. म्हणजे पदवीधर असाल तर बारावीच्या मुलासाठी तुम्हाला लिहिता येणार नाही. तुमच्या घरातली नववी-दहावीची मुलगी कदाचित लिहू शकेल. नियम परीक्षेनुसार बदलतात, म्हणून हमीपत्राचा नमुना आणि मुदत संबंधित मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून आधीच घ्या. दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. तेवढा वेळ मोकळा ठेवा.

परीक्षेआधी निदान दोनदा भेटून सराव करा. आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवा, मग कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते त्याला ठरवू द्या. पर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच सुरात वाचा. आवाजात चढउतार आला की उत्तर फुटतं. गणितात ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’, ‘सगळ्याचा वर्ग’ असं स्पष्ट बोला. विशेषनामाचं स्पेलिंग विचारून घ्या. दर अर्ध्या तासाला किती वेळ राहिला ते सांगा. उत्तर संपलं की परत वाचून दाखवा.

सर्वांत अवघड भाग म्हणजे त्याचं उत्तर चुकतंय हे कळत असूनही तेच लिहायचं. सुधारणा केली तर ती फसवणूक होते आणि त्याचा पेपर रद्द होऊ शकतो. आणि एकदा शब्द दिला की ताप आला, पाहुणे आले असं चालत नाही. तुम्ही पोचला नाहीत तर त्याचं वर्ष जातं. म्हणून पहिल्याच दिवशी एक बदली लेखनिक ठरवून त्याचीही कागदपत्रं तयार ठेवा.

लिहिता येत नसेल तर पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करा. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, २० ते ३० मिनिटांची एक फाइल, सुरुवातीला धड्याचं नाव आणि पान क्रमांक. आकृती आली तर ‘आकृती पाहा’ म्हणू नका, तीत काय आहे ते सांगा.

आमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना मदत करायची आहे. जुन्या साड्या, उरलेलं जेवण देतोच.

आधी पगार पाहा. इतर घरं काय देतात, शेवटची वाढ कधी झाली, महिन्यात भरपगारी सुट्ट्या किती? हक्काचे पैसे आणि देणगी या वेगळ्या गोष्टी आहेत. वाढ नाकारून साडी देणं याला दया म्हणता येत नाही. जेवण द्यायचं तर ताजं, आणि आपण खातो त्याच ताटात. मुलांची फी भरणार असाल तर थेट शाळेत भरा, पण ताईंना विचारून. आणि ते इमारतीत कुणाला सांगू नका.

मदत करतानाचे फोटो टाकले तर इतरांना प्रेरणा मिळते ना?

वस्तूंचा फोटो टाका, माणसाचा नको. ज्या मुलीनं आज हात पुढे करून वही घेतली, ती उद्या महाविद्यालयात जाईल आणि तो फोटो तिथेही पोचेल. संस्थेला हिशेबासाठी पुरावा हवा असेल तर पावती, यादी आणि सह्या पुरतात.

देणगीची पावती आणि कर सवलत कशी मिळते?

८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकराची, सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, म्हणून यूपीआय किंवा धनादेशानं द्या. साधी पावती पुरत नाही. संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या. धान्य, कपडे अशा वस्तूंवर सवलत नाही.

शेजारी एकटे आजोबा राहतात. न दुखवता मदत कशी करावी?

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका. ते कधीच सांगणार नाहीत. ‘आजोबा, मी दर शनिवारी मंडईत जातो, तुमची पिशवी द्या’ असं ठरावीक आणि छोटं काहीतरी बोला. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. तेवढं करून द्या. त्यांचा पिन किंवा ओटीपी स्वतःकडे घेऊ नका, आकडे त्यांनाच दाबू द्या. यात त्यांची सुरक्षितता आहे आणि तुमचीही. त्यांनी भाजीचे पैसे मोजून दिले तर घ्या, आणि चहा केला तर प्या. सतत घेत राहणं माणसाला जड जातं. त्यांनाही काहीतरी देऊ द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत मदतवाहिनी आहे, तो क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा.

पक्ष्यांना दाणे, गायीला पोळी घालावी का?

पक्ष्यांसाठी उथळ मातीचं भांडं, दोन इंच पाणी, रोज बदललेलं. आठवडाभर न बदललेल्या पाण्यात डेंगीच्या डासाच्या अळ्या वाढतात. कबुतरांना पोत्यानं दाणे टाकू नका. त्यांच्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसांचा आजार होतो, आणि दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये याच कारणानं बंद झाला. गायीला एखादी पोळी चालते, पण उरलेला भात-पुऱ्यांचा ढीग घातला तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते. पिशवीत बांधलेलं अन्न तर कधीच नको, ती पिशवीसकट गिळते.

नेत्रदानाचा फॉर्म भरला आहे. आणखी काही करावं लागतं का?

फॉर्मपेक्षा घरच्यांना माहीत असणं महत्त्वाचं, कारण शेवटची संमती जवळच्या नातेवाइकाचीच लागते. फॉर्म भरलेला नसला तरी ते नेत्रदान करू शकतात. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, वय, कशाचीच आडकाठी नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक पोचायला हवं. तोवर घरच्यांनी पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, डोक्याखाली उशी देऊन ते सहा इंच उंच करावं आणि पंखा बंद करावा. पंख्यानं बुबुळ सुकतं. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. नेत्रपेढीचा क्रमांक आजच घरातल्या तिघांच्या तरी मोबाइलमध्ये घाला आणि फ्रिजवर चिकटवा. त्या रात्री तो शोधायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.